अबीगईल (स्त्रीनाम)

अबीगईल हे प्राचीन हिब्रू स्त्रीनाम आहे. मूळ उच्चार ‘अविगायिल’. मराठी पवित्र शास्त्रात ते ‘अबीगईल’ असे येते, तर इंग्रजी वळणाने ‘ॲबिगेल’ म्हणतात. ‘अव’ म्हणजे पिता आणि ‘गील’ म्हणजे हर्ष. त्यावरून ‘पित्याचा आनंद’ हा अर्थ रूढ झाला. ‘माझा पिता हाच आनंद’ अशीही फोड केली जाते.

नावाची सारी कीर्ती बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील २५व्या अध्यायातून आली. मावोनचा नाबाल हा ३,००० मेंढरे आणि १,००० शेरडे राखून असलेला गबर, पण उर्मट माणूस. लोकर कातरण्याच्या दिवसांत दावीदाच्या (पुढे इस्राएलचा राजा झालेल्या) माणसांनी शिधा मागितला, तेव्हा त्याने त्यांना अपमान करून पिटाळले. दावीद ४०० माणसे घेऊन सूड उगवायला निघाला. नाबालाची बायको अबीगईल हिने नवऱ्याला कळू न देता २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे मांस, हुरडा, मनुका आणि अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादल्या, दावीदाला वाटेतच गाठले आणि रक्तपात टाळला. आपला नवरा नावाप्रमाणेच मूर्ख आहे, हेही तिने सांगून टाकले! पुढे नाबाल मेल्यावर दावीदाने तिच्याशी लग्न केले. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात सात संदेष्ट्या स्त्रियांत तिची गणना होते.

दावीदापुढे बोलताना ती स्वतःला वारंवार ‘दासी’ म्हणवते. इंग्रजीत हे नाव पुढे नेमके दासीलाच चिकटले. धर्मसुधारणेनंतर प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, घरांत बायबलमधली नावे ठेवण्याची चाल पडली, तिच्याबरोबर हेही नाव पसरले. १६१६ साली छापलेल्या बोमाँट व फ्लेचर यांच्या एका नाटकातील सेविकेचे नाव ॲबिगेल होते; हळूहळू ‘ॲबिगेल’ म्हणजे बड्या घरच्या बाईची मोलकरीण, असा सामान्य अर्थच रुळला. इंग्लंडच्या ॲन राणीच्या मर्जीतली सेविका ॲबिगेल मॅशम हिच्यामुळे तो आणखी पक्का झाला असावा. मुलीला असे नाव कोण ठेवणार? अमेरिकेत दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ॲबिगेल ॲडम्स (१७४४–१८१८) यांच्यामुळे नावाला प्रतिष्ठा होती, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते तिथेही जवळपास दिसेनासे झाले. गंमत म्हणजे त्याच नावाचा तुकडा असलेले ‘गेल’ १९४० आणि १९५०च्या दशकांत खूप चालले.

घरकामाला बायका ठेवण्याची जुनी पद्धत ओसरली, तसा तो हिणकस अर्थही विसरला गेला. जुनी बायबली नावे पुन्हा आवडू लागली, आणि २००५ साली अमेरिकेत मुलींच्या नावांत ॲबिगेल चौथ्या क्रमांकावर पोहोचले. २०१७ साली ते दहावे होते. पुढच्या वर्षी पहिल्या दहांतून बाहेर पडले. हिब्रूत मोलकरणीचा तो अर्थ कधी आलाच नाही. इस्रायलमध्ये अलीकडच्या वर्षांत ज्यू मुलींच्या सर्वाधिक पसंतीच्या नावांत अविगायिल आहे आणि धार्मिक घरांतही ते आवडीने ठेवले जाते.