पहिल्या गोळीपर्यंतची वाट

एचआयव्हीच्या पुढच्या तपासणीसाठी बाही वर सारून हात पुढे होतो आणि रक्त घेणारा शीर शोधू लागतो. कोपराच्या खळगीत नाही, मनगटावर नाही. वर्षानुवर्षं नशेच्या सुया घेऊन शिरा कडक होतात, आत दडतात, काही कायमच्या बुजतात. तिसऱ्यांदा टोचूनही सिरिंज कोरडीच. "एरवी बरी सापडते हो शीर!" मागून कुणीतरी हसतं. माणूस बाही खाली ओढून निघून जातो. फाइलवर शेरा पडतो : 'रुग्ण पुन्हा आला नाही'.

एचआयव्हीची प्राथमिक तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर अर्ध्या तासाच्या आत होते. उपचारही आता बहुतेकांसाठी रोजची एक गोळी. ती नेमाने घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. (एकमेकांची सुई वापरण्याबाबत मात्र हे इतक्या ठामपणे म्हणता येत नाही.) घोडं अडतं ते तपासणी आणि पहिली गोळी यांच्या मधल्या टप्प्यावर.

पूर्वी सीडी4 पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या, एचआयव्ही ज्या नष्ट करतो त्या) ठरावीक आकड्याखाली उतरेपर्यंत औषध सुरूच करत नसत. 2015मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती अट काढली. 2017मध्ये सात दिवसांच्या आत, आणि रुग्णाची तयारी असेल तर त्याच दिवशी, उपचार सुरू करा असं सांगितलं. नशा करणारे यातून वगळलेले नाहीत. तरी त्यांना 'आधी नशा सोड, मग बघू' हे ऐकावं लागतंच. माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं थोपवणारं वाक्य हेच असावं.

मग येतं घड्याळ. हेरॉइनचा शेवटचा डोस घेतल्यावर साधारण 8 ते 12 तासांत 'टर्की' सुरू होते : नाक-डोळे वाहतात, घाम फुटतो, अंग मोडून येतं, पोटात मुरडा. रात्री घेतलं तर हे नेमकं सकाळी, म्हणजे ओपीडीच्या वेळेला. अशा अवस्थेत केसपेपरसाठी दोन तास रांगेत कोण उभं राहील? डॉक्टरला वाटतं, याला उपचारात रस नाही.

हेरॉइनच्या जागी डॉक्टर देतात ते मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिलं की ही ओढाताण थांबते. मेथाडोनचा एक डोस दिवसभर पुरतो. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा अशा पर्यायी औषधांवर असलेल्यांमध्ये एचआयव्हीचे उपचार सुरू होण्याचं प्रमाण 69 टक्क्यांनी जास्त दिसलं. पण इथेही एक खोच आहे. एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिन ही एचआयव्हीची जुनी औषधं यकृताला मेथाडोन भराभर मोडायला लावतात. काही दिवसांतच पुरेसा असलेला डोस कमी पडतो आणि टर्की परतते. 'एचआयव्हीच्या गोळ्या अंगाला लागत नाहीत' ही आपसातली बोलवा त्यातून पसरली असेल, तर ती अफवा म्हणता येणार नाही. अनुभव खराच होता. आता सर्रास वापरलं जाणारं डोल्युटेग्राव्हिर असं करत नाही. क्षयाचं रिफाम्पिसिन मात्र अजूनही करतं.

पोलिसांची भीती, ओळखपत्र नसणं, फोन विकला गेलेला असणं, बायकांना 'मूल काढून घेतील' हा धाक... यातल्या कशावर गोळी नाही. युक्रेन, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममध्ये 'एचपीटीएन 074' या चाचणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्या 502 एचआयव्हीबाधितांपैकी काहींना एक वाटाड्या आणि समुपदेशन मिळालं. वाटाड्याचं काम म्हणजे कागदपत्रं जमवणं, केंद्रांशी बोलणं, लागेल ती अडचण सोडवणं. वर्षभराने या गटातले 72 टक्के लोक औषध घेत होते. नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्यांत 43 टक्के. मृत्यूही जवळपास निम्मे. नवं औषध काहीच नव्हतं.

शिरेवरही तोड आहे : बोटाला टोचून कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांतून विषाणूभार, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, मोजता येतो. तेही जवळ नसेल, तर सुई हातात घेण्याआधी 'कुठली शीर लागते?' हे त्यालाच विचारावं. ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?