खोबणीच्या छताखालचा स्नायू

डोळ्यामागची गाठ काढून माणूस घरी आला आणि वरची पापणी अर्ध्यावर लोंबलेली दिसली, की कोल्हापुरात निदान तालमीच्या कट्ट्यावरच होतं: "शीर तुटली बघ." चूक कधी झालेली असतेही. पण अनेकदा मूळ कारण डोळा ज्यात बसतो त्या हाडाच्या खोबणीच्या रचनेतच असतं, आणि त्या रचनेनं सर्जनना शंभर वर्षांहून जास्त काळ छळलं आहे.

पापणी उचलणारा मुख्य स्नायू म्हणजे लिव्हेटर. तो खोबणीच्या पार मागच्या टोकापासून निघतो आणि वाशाला लागून वायर न्यावी तसा छताखालून पुढे येतो. त्याच्या लगेच खाली डोळा वर फिरवणारा स्नायू असतो. दोघांना चालवणारी नस एकच, मेंदूच्या तिसऱ्या नसेची वरची फांदी. म्हणून पापणी पडलीच, शिवाय डोळाही वर जात नसेल, तर डॉक्टरांचा संशय आधी नसेवर जातो.

1888 मध्ये झुरिचचे सर्जन क्रोनलाइन यांनी कानशिलाकडचं हाड बाजूला करून खोबणीत शिरायची वाट दाखवली. बाहेरच्या अंगाच्या गाठींसाठी ती उत्तम, कारण लिव्हेटर बाजूला राहतो. पार मागच्या, कवटीत घुसलेल्या गाठींना मात्र ती पुरेना. अमेरिकेत मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी 1941 मध्ये कवटी उघडून वरून जाण्याचा पुरस्कार केला. छताचं हाड काढलं की कपाळाकडे जाणारी नस आणि तिच्याखाली लिव्हेटर, हेच आधी समोर येतं. ते ओढून बाजूला धरल्याशिवाय गाठीपर्यंत हात पोचत नाही! या वाटेनंतर पापणी पडण्याचं भय त्यामुळेच जास्त. त्या काळी गाठ नेमकी कुठे आहे याचा बराचसा अंदाजच बांधावा लागे. 1971 मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, आणि पुढे गाठ पाहून वाट निवडणं शक्य झालं.

पडलेली दिसणारी प्रत्येक पापणी दुबळी नसते, हेही खरं. मोटरसायकलवरून पडून खोबणीचं हाड मोडलं आणि डोळा आत गेला, तर आधार सुटल्यानं पापणी नुसतीच खाली दिसते.

ऑपरेशननंतरची सूज उतरते, ताणलेली नसही सावरते. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून मोठ्या माणसाची पापणी दुरुस्त करण्याआधी साधारण सहा महिने थांबतात. लहान मुलाची बाहुली झाकली जात असेल तर इतकं थांबत नाहीत, नजर मंद होते. आणि डोळा एकाएकी दुखून पुढे आला, दिसेनासं झालं, तर आत रक्त साठत असू शकतं. तेव्हा तास मोजत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

लिव्हेटर उठलाच नाही, तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. त्यासाठी मांडीतली चिवट पट्टी वापरण्याची कल्पना 1909 ची, सर्जन पायर यांची. मांडीचं डोळ्याला, म्हणून ऐकणारे हसतात. टांगलेली पापणी झोपेत पुरती मिटत नाही, त्यामुळे रात्री डोळ्यात मलम घालावं लागतं.