नेकचा ढिला जोड (इलेक्ट्रिक गिटार)

इलेक्ट्रिक गिटारचा नेक (तारांखालचा लांब दांडा) बॉडीतल्या खाचेत पक्का न बसता हलू लागला, की जोड ढिला आहे असे म्हणतात. नव्या गिटारमध्ये हा दोष बहुधा राउटरने (लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) खाच मापापेक्षा मोठी कापल्यामुळे किंवा लाकूड पुरते वाळलेले नसल्यामुळे येतो. फेंडर कंपनीने १९५० पासून स्क्रूने आवळलेला नेक रूढ केला. गिब्सनच्या १९५२ च्या लेस पॉल मॉडेलमध्ये तो सरसाने चिकटवलेला असे. दोन्हींची दुरुस्ती वेगळी.

स्क्रूच्या जोडात आधी बाजूची फट नजरेत भरते आणि हौशी कारागीर तीच बुजवायला धावतो. खरा भार मात्र खाचेचा तळ पेलतो. १०-४६ जाडीच्या (सर्वांत बारीक तार इंचाच्या १० हजारांश, सर्वांत जाड ४६ हजारांश) सहा तारा सुरात आणल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलोच्या घरात जातो. नेकची टाच (खाचेत बसणारे टोक) तळावर पूर्ण टेकलेली असेल, तर बाजूला अर्धा मिलिमीटर फट असूनही गिटार सुरात राहते. टेकते की नाही, हे पाहायला टाचेवर खडू फासून नेक दाबून बघावा. खडू उमटेल तिथे उंचवटा. तो पटाशीने किंवा सपाट ठोकळ्यावरच्या सँडपेपरने उतरवावा. खाचेत साचलेला रंगाचा थरही असाच खरवडून काढावा लागतो.

तळ ठीक असूनही नेक हलत असेल, तर स्क्रूची भोके तपासावीत. बॉडीतले भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे हवे. आटे फक्त नेकमध्ये बसायला हवेत. दोन्हीकडे आटे बसले, तर कितीही पिळले तरी मधली फट मिटत नाही, उलट नेकमधले आटे झिजतात. झिजलेल्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबणे हा सर्रास चालणारा उपाय काही दिवसांचाच. भोक मोठे करून कठीण लाकडाची खुंटी चिकटवावी, ती वाळल्यावर नवे बारीक भोक पाडावे.

बाजूच्या फटीमुळे नेक सरकून कडेची तार फिंगरबोर्डवरून (नेकच्या दर्शनी पट्टीवरून) उतरत असेल, तर खाचेच्या भिंतीला व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी चिकटवून ती घासत मापात आणतात. नेक मात्र खाचेला चिकटवू नये, नाहीतर पुढे तो सोडवता येत नाही. चिकटवलेल्या प्रकारात व्हिनियर आधी लावून जोड सुकाच घट्ट बसवून पाहतात, मगच सरस. फेविकॉलसारखा पांढरा सरस फट भरून काढत नाही. त्यात भुसा कालवून केलेले लुकण इथे कामाचे नाही. फट राहणारच असेल तर इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा सरस) बरे.

नाशिकमध्ये गिटार बनवणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुन्या वाड्यांचे सागवान हाती लागले तर ते चांगले मुरलेले असते, पण मुळातच तेलकट. सरस लावण्याच्या लगेच आधी अ‍ॅसिटोनने पुसले नाही, तर पट्टी पुढे सुटते. दुसरी गोष्ट हवेची. इथला पावसाळा दमट आणि उन्हाळा कोरडा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते-आटते, म्हणून कोरड्या बॉडीत श्रावणातला ओलसर नेक बसवला, तर उन्हाळ्यापर्यंत तो आटून फट दिसू लागते. दोन्ही तुकडे काही आठवडे एकाच खोलीत ठेवावेत आणि मगच खाच कापावी. सातपूर किंवा अंबड या औद्योगिक वसाहतींतल्या एखाद्या वर्कशॉपमधून सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापयंत्रावर) खाच कापून घेतली तरी हे चुकत नाही.