आपत्कालीन विभागातील प्रयोगशाळा तपासण्या

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात (रोजच्या बोलण्यात ‘कॅज्युअल्टी’) आलेल्या रुग्णाच्या रक्ताची, लघवीची किंवा शरीरातील इतर द्रवांची उपचार ठरवण्यासाठी तातडीने केलेली तपासणी. काही तपासण्या खाटेजवळच छोट्या यंत्रावर होतात, बाकीच्या मुख्य प्रयोगशाळेत. नेहमीच्या तपासणीत अहवाल दुसऱ्या दिवशी आला तरी बिघडत नाही. इथे मात्र वाढलेल्या पोटॅशियमचा आकडा उशिरा कळला, तर तोवर हृदयाची लय बिघडलेली असू शकते.

तरीही काही उपचार अहवालासाठी थांबत नाहीत, आणि थांबूही नयेत. ईसीजीत हृदयविकाराचा मोठा झटका स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता बंद रक्तवाहिनी उघडण्याची तयारी सुरू होते. जीवघेणा रक्तस्राव होत असेल, तर गट जुळवण्याआधीच ‘ओ’ गटाचे रक्त चढवतात. मात्र गट तपासण्यासाठीचा नमुना शक्यतो त्याआधी काढून ठेवतात.

रुग्ण बेशुद्ध असो, झटके येत असोत की एक बाजू लुळी पडलेली असो, पहिली तपासणी बोटाच्या थेंबावर रक्तातील साखरेची. साखर फार उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात आणि ग्लुकोज देताच ती ओसरतात. म्हणूनच पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध देण्याआधी साखर पाहावीच लागते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्याची किंवा रक्तस्रावाच्या विकाराची शंका नसेल, तर इतर अहवालांसाठी सहसा थांबत नाहीत.

छातीत दुखणाऱ्या रुग्णात ट्रोपोनिन मोजतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर हे प्रथिन रक्तात उतरते, पण त्याला वेळ लागतो. दुखणे सुरू होताच घेतलेल्या एका नमुन्यात ते सामान्य आले म्हणून रुग्णाला घरी पाठवणे धोक्याचे. अतिसंवेदनशील पद्धतीने पहिला नमुना आणि एक ते तीन तासांनी दुसरा, असे दोन्ही मोजून त्यांतला फरक पाहतात. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन कायमच थोडे वाढलेले असू शकते, त्यामुळे तिथे या फरकालाच अधिक महत्त्व. पॅरासिटामॉलच्या विषबाधेतही घड्याळ असेच मोलाचे: गोळ्या घेतल्यापासून ४ तासांच्या आत काढलेल्या पातळीवरून यकृताच्या धोक्याचा अंदाज बांधता येत नाही.

डी-डायमरचा (रक्ताची गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्याचा) उपयोग नेमका उलटा, म्हणजे रोग नाही हे सांगण्यासाठी. फुप्फुसात गुठळी असण्याची शक्यता मुळातच कमी असलेल्या रुग्णात तो सामान्य आला, तर बहुधा स्कॅन टळतो. पण गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर, संसर्गात किंवा वाढत्या वयातही तो वाढतो. सरसकट सगळ्यांचा डी-डायमर पाठवला, तर विनाकारण स्कॅनच वाढतात.

जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची शंका आली की लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) मोजतात. ते २ मिलिमोल प्रतिलिटरच्या वर असल्यास अधिक सावध होतात. रक्ताचे कल्चर प्रतिजैविकाच्या आधी घेतात, मात्र त्यासाठी औषध लांबवत नाहीत. कल्चरमध्ये जंतू वाढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे ज्या हातांनी ते काढले, त्यांना त्याचे उत्तर क्वचितच दिसते. ते वॉर्डातल्या पुढच्या डॉक्टरच्या कामी येते.

प्रयोगशाळेच्या चुकांपैकी बहुतेक यंत्रात होत नाहीत, नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी होतात. घाईत बारीक सुईतून रक्त जोराने ओढले की लाल पेशी फुटतात. नळी यंत्रात वेगाने फिरवल्यावर वर पिवळसर द्रव दिसायला हवा, तो गुलाबी किंवा लाल दिसतो. पेशींतले पोटॅशियम बाहेर आल्याने आकडा खोटा चढतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असते. तिच्यातले रक्त दुसऱ्या नळीत ओतले, तर पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेटच्या (हेही रक्त गोठू न देणारे) एका भागाला रक्ताचे नऊ भाग लागतात. ती अर्धवट भरली की गोठण्याची चाचणी चुकते. सलाइन चालू असलेल्या हातातून, त्याच्या वरच्या बाजूने, काढलेला नमुनाही असाच फसवा. शंका आली की नवा नमुना घेणे हाच जवळचा रस्ता.

जिवाला धोका दाखवणारा आकडा आला, की प्रयोगशाळेने छापील अहवालाची वाट न पाहता थेट फोन करायचा असतो. ही ‘क्रिटिकल व्हॅल्यू’ची कल्पना अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी १९७२ मध्ये मांडली. फोन घेणाऱ्याने रुग्णाचे नाव आणि आकडा लिहून घ्यायचा आणि लिहिलेले पुन्हा वाचून दाखवायचे.