सिमला ऑफिसचा दक्षिण ध्रुवाशी काय संबंध?

शिवाजीनगरला बसचा कंडक्टर ‘सिमला ऑफिस’ असं ओरडतो, तेव्हा पुण्यात सिमला कुठून आलं हा प्रश्न पुणेकराला पडत नाही. तो पाहुण्याला पडतो. उत्तर साधं आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि घड्याळाच्या मनोऱ्याची ती दगडी इमारत उभी राहिली. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटलं ते चिकटलंच.

याच खात्यातला एक माणूस सिमल्याची नोकरी बाजूला ठेवून अंटार्क्टिकाला गेला होता. जॉर्ज क्लार्क सिम्प्सन, जन्म १८७८, इंग्लंडमधल्या डर्बीचा. पुण्याच्या या इमारतीत तो कधी बसला नाही, कारण १९२० मध्येच लंडनच्या हवामान खात्याचा संचालक होऊन तो भारतातून गेला. पण ज्या दप्तरात त्याने काम केलं, तेच पुढे पुण्याला आलं. ध्रुवावर जाणाऱ्यांच्या गोष्टीत झेंडे, कुत्रे आणि मरण एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, म्हणून हा थर्मामीटरवाला मला जास्त आवडतो.

१९०६ मध्ये तो सिमल्याला रुजू झाला. तिथे त्याने हवेच्या उभ्या झोतात पाण्याचे थेंब फोडून पाहिले. थेंब फुटताना विजेचा भार वेगळा होतो, तेव्हा ढगातली वीज इथूनच येत असावी असा त्याचा कयास. पुढे त्यावर बरेच वाद झाले. १९१० मध्ये दक्षिण ध्रुव गाठायला निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेचा हवामानतज्ज्ञ म्हणून तो निघाला. या मोहिमेत हिंदुस्थानातून आलेला तो एकटाच नव्हता. बॉवर्स रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी होता. ओट्सची घोडदळाची पलटण तेव्हा महूला होती; महू म्हणजे बाबासाहेबांचं जन्मगाव.

जानेवारी १९११ मध्ये अंटार्क्टिकातल्या केप इव्हान्सवर लाकडी झोपडी उभी राहिली आणि तिचा एक कोपरा सिम्प्सनच्या उपकरणांनी भरून गेला. झोपडीपासून लांब थर्मामीटरच्या तीन पेट्या होत्या. ए, बी, सी अशी कोरडी नावं कोणाला आवडली नसावीत, म्हणून त्यांचं बारसं झालं: आर्चिबाल्ड, बर्ट्रम आणि क्लॅरेन्स. ध्रुवीय रात्रीच्या अंधारात कंदील घेऊन या तिघांची विचारपूस करायला जावं लागे. खुद्द सिम्प्सनलाही मंडळी ‘सनी जिम’ म्हणत.

या आकड्यांतून काय निघालं, ते समजायला डिसेंबरात पहाटे वेताळ टेकडीवर जावं. वर उभं असताना थंडी बेताची असते. खाली उतरत आलं की कानाला झोंबते आणि शहरावर धुराचा थर ताटात ओतल्यासारखा सपाट पसरलेला दिसतो. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते आणि तिला लागलेली हवा सगळ्यात आधी गार होते. गार हवा जड, म्हणून ती तळाशीच बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण राहतं. आपल्याकडे ऊन चढलं की झाकण उडतं. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, त्यामुळे तळाची थंडी आठवडेच्या आठवडे साचत जाते.

यातून ऐकायला उफराटी वाटणारी एक गोष्ट निघते. तिथे बर्फाचं वादळ आलं की पारा वर चढतो, कारण वारा वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत ढवळतो. खरी जीवघेणी थंडी वारा पडलेला असताना.

ही वरची हवा मोजायला सिम्प्सन हायड्रोजनचे छोटे फुगे सोडायचा. फुग्याखाली एक हलकं यंत्र असे. त्याची बारीक सुई टपाल तिकिटाएवढ्या धातूच्या पत्र्यावर तापमान आणि दाब कोरत जाई. फुगा वर गेला की सावकाश जळणारी वात सुटका करी आणि यंत्र खाली पडे. शोधायचं कसं? फुग्याबरोबर मैलोन्‌मैल रेशमी दोरा उलगडत गेलेला असे, तो धरून बर्फावर चालत जायचं. दोरा मध्येच तुटला की यंत्र गेलंच.

१७ जानेवारी १९१२ ला स्कॉट चार साथीदारांसह ध्रुवावर पोहोचला. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबरलाच तिथे जाऊन आला होता. (जाता जाता, पुण्याचा १.७ अंशांचा नीचांकही १७ जानेवारीचाच, १९३५ मधला. निव्वळ योगायोग.) मार्चमध्ये सिम्प्सनला सिमल्याच्या नोकरीवर परतणं भाग होतं. ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे साथीदार विल्सन व बॉवर्स पुढच्या मुक्कामाच्या अन्नसाठ्यापासून ११ मैलांवर तंबूत अखेरचे दिवस मोजत होते, तेव्हा हवामानतज्ज्ञ परतीच्या जहाजावर होता. वेधशाळेची जबाबदारी त्याने चार्ल्स राइट या कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञाकडे दिली होती. नोव्हेंबरमध्ये तो तंबू पहिल्यांदा दिसला तोही राइटलाच. आत डायऱ्या होत्या आणि सोळाएक किलो दगड. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसच्या पानांचे ठसे होते. हीच वनस्पती आपल्या विदर्भातल्या कोळशाच्या थरांतही सापडते, कारण एके काळी हे दोन्ही भूभाग जोडलेले होते.

स्कॉटने शेवटच्या निवेदनात लिहिलं की असं तापमान आणि असा बर्फ या दिवसांत मिळेल हे कोणाच्याही ध्यानीमनी नव्हतं. दिवसा उणे ३४ सेल्सिअस, रात्री उणे ४४. टीकाकारांना ही सबब वाटली. सिम्प्सनने मात्र आकडे जुळवले. त्याचे मोहिमेवरचे तीन खंड १९१९ ते १९२३ या काळात निघाले, त्यातले पहिले दोन कलकत्त्याहून. १९२३ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात त्याने आपलं मत मांडलं: तो मार्चच असाधारण थंड होता, नेहमीच्या वर्षी ही माणसं परत आली असती.

पडताळा मिळायला १९९९ उजाडावं लागलं. १९८० च्या दशकापासून त्या वाटेवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली होती. सुझन सॉलोमन आणि चार्ल्स स्टर्न्स यांनी त्यांच्या १५ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९१२ च्या जवळ जाणारी, टिकून राहिलेली थंडी फक्त एका वर्षी सापडली. अशा थंडीत नुसती बोटं गोठत नाहीत. घसरगाडीच्या पट्ट्या बर्फावर घासल्या की एरवी पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि तोच वंगणाचं काम करतो. पारा फार उतरला की हा थर तयार होत नाही आणि बर्फाचे कण वाळूसारखे पकडतात. स्कॉटनेही वाळवंटातल्या वाळूचीच उपमा दिली होती. अर्थात सगळा दोष हवेचा नव्हे. खाणं अपुरं होतं, इंधन कमी पडलं आणि नियोजनातल्या चुकाही कमी नव्हत्या.

सिम्प्सनचा प्रत्येक कौल बरोबर आला असंही नाही. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांच्या इंजिनिअरने कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते आहे असं मांडलं, तेव्हा सर जॉर्जना ते पटलं नाही. हवामानशास्त्राबाहेरच्या माणसाला या विषयातली गुंतागुंत उमगत नाही, असा त्यांचा सूर होता. बाहेरचा माणूस बरोबर निघाला.

फुग्यांचा धागा मात्र पुढे पुण्यातच सापडतो. भौतिकशास्त्रज्ञ अण्णा मणी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि उपकरणं इथेच बनवण्याच्या कामाला लागल्या. पुढे पुण्यातच भारतीय ओझोनसाँड, म्हणजे फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारं यंत्र, तयार झालं. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून पंपाने हवा सोडायची. ओझोन असेल तर रासायनिक क्रिया होऊन किंचित वीज वाहते, ती मोजली की ओझोन कळला. अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ केंद्रातून हवामान खात्याची माणसं असे फुगे सोडतात. यंत्र आपले आकडे रेडिओवरून खाली पाठवतं, फुगा फुटतो आणि ते बर्फात कुठेतरी पडतं. दोरा धरून ते शोधायला आता कोणी जात नाही.