आतश बेहराम

जरथुश्त्री धर्मातील सर्वोच्च दर्जाचा पवित्र अग्नी आणि तो ज्या वास्तूत अखंड तेवत ठेवला जातो ती वास्तू, या दोहोंनाही आतश बेहराम म्हणतात. आज जगात असे नऊ अग्नी आहेत. मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी व उदवाडा येथे एकेक असे आठ भारतात आहेत आणि नववा इराणमधील यझ्द शहरात आहे. मराठी माणूस पारशांच्या प्रत्येक प्रार्थनास्थळाला सरसकट अग्यारी म्हणतो. पारशी मात्र अग्नीचे तीन दर्जे मानतात. आतश दादगाह हा सर्वांत साधा. त्यावरचा आतश आदरान समाजातल्या चार वर्गांच्या, म्हणजे धर्मगुरू, योद्धे, शेतकरी आणि कारागीर यांच्या घरचे अग्नी एकत्र करून प्रतिष्ठापित होतो. गावोगावच्या बहुतेक अग्याऱ्यांत हाच असतो. आतश बेहराम या दोहोंच्या वरचा. पारशी त्याला पादशाह मानतात आणि त्याची सेवाही राजाला साजेशी करतात.

पारशी अग्निपूजक आहेत, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते त्यांना मान्य नाही आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. उपासना अहुर मज्दाची, म्हणजे एकाच सर्वज्ञ निर्मात्याची असते. अग्नी ही त्याची दृश्य खूण आणि त्याने निर्माण केलेल्या सृष्टीचा सर्वांत शुद्ध घटक. वैदिक ऋताशी नाते असलेले 'अशा', म्हणजे सत्य आणि विश्वाची सुव्यवस्था, हे प्रेषित जरथुश्त्राच्या शिकवणुकीचे केंद्र आहे. अशाची अधिष्ठात्री दिव्यशक्ती अर्दिबेहेश्त हीच अग्नीचीही रक्षक मानली जाते. जरथुश्त्राच्या गाथांमध्ये अग्नीचा उल्लेख येतो तोही सत्य-असत्याचा निवाडा करणारी शक्ती म्हणून. म्हणूनच अग्नी विटाळू न देणे हे मोठे कर्तव्य ठरले. अग्नीत प्रेत जाळणे हा तर घोर अपराध, आणि दोखम्याची, म्हणजे प्रेत उघड्यावर पक्ष्यांसाठी ठेवण्याची प्रथा याच विचारातून आली.

सोळा अग्नी

एवढा सोवळा विचार असताना या अग्नीची घडण मात्र थक्क करणारी आहे. आतश बेहराम सोळा ठिकाणच्या अग्नींपासून बनतो आणि त्यांतला एक असतो जळत्या चितेचा. बाकीचे कुंभार, वीटभट्टीवाला, लोहार, सोनार, रंगारी, पाव भाजणारा, दारू गाळणारा, शस्त्रे घडवणारा, धनगर, शिपाई, फकीर यांच्याकडचे, टाकसाळीतला, राजाच्या घरचा आणि जरथुश्त्री गृहस्थाच्या चुलीतला. सोळावा आकाशातून पडलेल्या विजेने पेटलेला असावा लागतो. तो मिळेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

प्रत्येक अग्नी शुद्ध करण्याची रीत कष्टाची आहे. भोके पाडलेल्या धातूच्या लांब दांड्याच्या पळीत चंदनाचा चुरा घेऊन ती ज्वाळेच्या वर धरायची, पण ज्वाळेला लावायची नाही. नुसत्या धगीने चुरा पेटला की तो झाला नवा अग्नी. त्याच्यावर पुन्हा पळी धरायची आणि त्यातून तिसरा घ्यायचा. चितेच्या अग्नीवर हे 91 वेळा करतात. मग प्रत्येक अग्नीवर यस्न आणि वेंदिदाद या धर्मग्रंथांचे पाठ होतात आणि सर्वांत शेवटी सोळा अग्नी एक होतात. एका प्रतिष्ठापनेत महिनेच्या महिने जातात.

या विधीत धर्माचे सार दिसते. दूषित झालेला अग्नी टाकून द्यायचा नाही, त्याला सोडवून आणायचे. आणि गृहस्थाच्या चुलीपासून दारूच्या भट्टीपर्यंत सगळ्या कष्टकऱ्यांच्या आगीला सिंहासनावर बसवायचे. पुढे त्या दारातून परधर्मीयांना आत जाता येत नाही, पण आतल्या ज्योतीत त्यांच्या कामाच्या आगीचाही वाटा असतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सेवा

अग्नी गाभाऱ्यात आफरगान्यू या मोठ्या धातूच्या पात्रात राखेच्या थरावर असतो. वर छताला मुकुटासारखी धातूची तबकडी टांगलेली असते, तिला ताज म्हणतात. भिंतींवर तलवारी आणि गदा लावलेल्या असतात. दिवसाचे पाच गाह (प्रहर) आहेत : हावन, रपिथ्वन, उझिरन, ऐविश्रुथ्रेम आणि उषहिन. प्रत्येक गाह बदलताना, मध्यरात्रीनंतरसुद्धा, मोबेद, म्हणजे धर्मगुरू, गाभाऱ्यात जाऊन बोय देतो, म्हणजे अग्नीला चंदन अर्पण करतो. अंगात पांढरा जामा, नाकातोंडावर पदान (कापडी पट्टी), कारण श्वास आणि थुंकीने अग्नी विटाळता कामा नये. तो चंदनाचे तुकडे एकावर एक आडवेउभे रचतो. सिंहासनाच्या आकाराच्या या रचनेला माची म्हणतात. आतश नियायेश ही अग्नीची प्रार्थना म्हणत तो अग्नीभोवती फिरतो आणि 'दुश्मत, दुझुख्त, दुझ्वर्श्त' म्हणजे दुष्ट विचार, दुष्ट वाणी, दुष्ट कृती हे शब्द आले की घंटा वाजवतो, त्यांना हाकलून लावण्यासाठी. रोजच्या जळणाला बाभळीचे लाकूड आणि अर्पणाला सुखड, म्हणजे चंदन. भाविक हातपाय धुऊन, कुस्ती (कमरेची पवित्र दोरी) सोडून पुन्हा बांधून, डोके झाकून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येतो, सुखड ठेवतो आणि तिथली रख्या (राख) कपाळी लावतो. दर महिन्याच्या विसाव्या दिवशी, म्हणजे बेहराम रोजला, गर्दी जास्त असते.

इराणपासून उदवाड्यापर्यंत

प्राचीन इराणी लोक आरंभी मंदिरे बांधत नसत, असे हेरोडोटस लिहितो. नक्श-ए-रुस्तम येथील अखामनी राजांच्या कबरींवर मात्र वेदीवरच्या अग्नीसमोर उभा असलेला राजा कोरलेला आहे. सासानी काळात (इ.स. 224–651) अग्निमंदिरे राज्यसत्तेचा कणा झाली. नाण्याच्या एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी. तीन महाअग्नी विशेष मानाचे होते : धर्मगुरूंचा आदुर फर्नबाग, योद्ध्यांचा आदुर गुश्नस्प आणि शेतकऱ्यांचा आदुर बुर्झेन मिहर. त्यांतल्या गुश्नस्पचे अवशेष वायव्य इराणमधील तख्त-ए-सुलेमान येथे आहेत आणि 2003 पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. अरबांच्या विजयानंतर, 651 मध्ये शेवटचा सासानी राजा तिसरा यझ्दगर्द मारला गेला. पुढे धर्म यझ्द आणि केरमानच्या खेड्यांत आक्रसत गेला आणि एक गट समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्याला लागला.

या स्थलांतराची कथा 'किस्सा-ए-संजान' या फारसी काव्यात आहे. नवसारीचे धर्मगुरू बहमन कैकोबाद यांनी ते सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी रचले, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. साहजिकच संजानला उतरल्याच्या सालाबद्दल एकमत नाही. 716 पासून 936 पर्यंत वेगवेगळी साले सुचवली गेली आहेत. दुधात साखर विरघळल्याची लाडकी गोष्ट या काव्यात नाही, ती तोंडी परंपरेतली. राजा जादी राणाच्या आश्रयाने संजानला पहिला आतश बेहराम प्रतिष्ठापित झाला, हे मात्र काव्य सांगते. तोच इराणशाह. संजानच्या उत्खननात पश्चिम आशियातली आरंभमध्ययुगीन भांडी मिळाल्याने तिथल्या जुन्या वस्तीला आणि व्यापाराला पुष्टी मिळाली आहे.

मुसलमानी फौजेने संजान जिंकल्यावर मोबेदांनी अग्नी उचलला आणि तो बहारोटच्या डोंगरातील गुहांत लपवला. हे ठिकाण आज महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यातील बोर्डी-घोलवडच्या मागे आहे. परंपरेप्रमाणे अग्नी इथे बारा वर्षे होता. चढण दमवणारी आहे, वर कातळात खोदलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. पावसाळ्यात या डोंगरावर ओले लाकूड पेटते ठेवणे म्हणजे काय, हे कोकणपट्टीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पारशी भाविक आजही तिथे जशनसाठी (सामुदायिक प्रार्थनाविधीसाठी) येतात. ठाणे-पालघरच्या इतिहासात या गुहांना जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही.

बहारोटहून अग्नी वांसद्याला आणि तेथून चांगा आसा या पुढाऱ्याच्या पुढाकाराने नवसारीला गेला. नवसारीत दोनशेहून अधिक वर्षे काढताना एक पेच उभा राहिला. अग्नीची सेवा संजाना मोबेदांकडे, गावातले बाकीचे विधी मूळच्या भगरिया मोबेदांकडे. हक्कांचा तंटा वाढत गेला, संजाना मोबेद इराणशाह घेऊन बाहेर पडले आणि वलसाडमार्गे 1742 मध्ये उदवाड्याला आले. तेव्हापासून तो तिथेच आहे आणि संजाना मोबेदांची नऊ घराणी पाळीपाळीने सेवा करतात. सध्याची वास्तू मोटलीबाई वाडिया यांच्या देणगीतून 1894 मध्ये उभी राहिली. आदर महिन्याच्या आदर रोजला, सध्या एप्रिलमध्ये, इराणशाहची सालगिरे (वर्धापनदिन) असते. त्या दिवशी मुंबईहून सुटणाऱ्या गाड्या डगली-पगडीने भरून जातात.

तंटे, पैसा आणि मुंबई

जवळजवळ हजार वर्षे भारतात एकच आतश बेहराम होता. नंतर दीडशे वर्षांत आणखी सात झाले. यामागे श्रद्धा होती तशी भाऊबंदकीही होती. इराणशाह गेल्यावर नवसारीच्या भगरियांनी 1765 मध्ये आपला आतश बेहराम स्थापला. दरम्यान इराणी पंचांग आणि इथले पंचांग यांत एक महिन्याचा फरक आढळला आणि 1745 मध्ये सुरतेत इराणी पंचांग मानणारे कदमी आणि इथले मानणारे शहेनशाही असे तट पडले. मुंबईचा पहिला, फणसवाडीतला दादीसेठ आतश बेहराम (1783) कदमींचा. सुरतेत 1823 या एकाच वर्षी दोन झाले, मोदी आतश बेहराम शहेनशाहींसाठी आणि वकील आतश बेहराम कदमींसाठी. मुंबईत पुढे वाडिया (1830), बनाजी (1845) आणि अंजुमन (1897) यांची भर पडली. जहाजबांधणी आणि चीनशी चाललेल्या अफू-कापसाच्या व्यापारातून आलेल्या संपत्तीशिवाय हे शक्य नव्हते. त्याच संपत्तीतून 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवण्यात आले. त्यांच्या खटपटीमुळे तिथल्या जरथुश्त्रींवरचा जिझिया 1882 मध्ये रद्द झाला. यझ्दच्या आतश बेहरामची आजची इमारतही (1934) मुंबईच्या पारशांच्या मदतीने उभी राहिली. तिथला अग्नी काचेपलीकडून कोणालाही पाहता येतो.

भारतात तसे नाही. अग्यारीच्या दारावरचे पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल पाहत आपण बाहेरच उभे राहतो. हा नियम किती कडक आणि कोणासाठी, हा समाजातलाच जुना वाद आहे. 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेटिट विरुद्ध जीजीभाई खटल्यात पारशी पित्याची मुले समाजाची धरली, मातेच्या बाजूने मात्र तो हक्क दिला नाही. परधर्मीयाशी लग्न केलेल्या पारशी स्त्रीला प्रवेश मिळावा का, हा प्रश्न आजही धगधगता आहे. वलसाडच्या एका प्रकरणात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तेथील अंजुमनने (पारशी समाजसंस्थेने) अशा स्त्रीला आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ देण्याची तयारी दाखवली, एवढेच पाऊल पुढे पडले. भुयारी मेट्रोचा मार्ग काळबादेवी परिसरातील वाडिया आणि अंजुमन आतश बेहरामांजवळून जाणार म्हटल्यावर, अग्नीचे जमिनीशी असलेले नाते तुटेल या चिंतेने भाविक 2018 मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. काम मात्र पुढे गेले.

2001 च्या जनगणनेत भारतात 69,601 पारशी होते, 2011 मध्ये 57,264. उदवाड्यात समुद्र किनारा खातो आहे आणि जुनी कौलारू घरे बंद पडत आहेत. पण दगडविटांपेक्षा मोठी चिंता माणसांची आहे. दिवसातून पाच वेळा, वर्षाचे सगळे दिवस बोय द्यायला मोबेद हवा. तो परंपरेने अथोर्नान, म्हणजे धर्मगुरूंच्या घराण्यातला पुरुष असावा लागतो, नावर आणि मरातब हे दोन्ही संस्कार झालेला. या घराण्यांतली मुले शिकून इतर व्यवसायांत जातात आणि मोबेदाचे मानधन पाहता त्यांना दोष देता येत नाही. दादरच्या पारशी कॉलनीतील अथोर्नान मदरशात मुलांना शालेय अभ्यासाबरोबर मंत्रपाठ शिकवला जातो. इराणमध्ये 2011 पासून स्त्रियांना मोबेदयार (साहाय्यक मोबेद) म्हणून दीक्षा दिली जाते. भारतातल्या आठही आतश बेहरामांत बोय देण्याचे काम अजून पुरुष मोबेदच करतात.