ब्रोमो ज्वालामुखीची पहाट : निघण्यापूर्वी हे अवश्य वाचा

आमच्या इंडोनेशियातील पूर्व जावा सहलीच्या कार्यक्रमात ‘पहाटे ३ वाजता प्रस्थान’ असे वाचून, थोडे उशिरा निघता येणार नाही का, अशी विचारणा काही प्रवासी करतात. तसे करता येणार नाही, आणि त्याचे कारण समजले तर इतक्या पहाटे उठणे आपल्याला जड जाणार नाही, असे वाटते.

ब्रोमो हा २,३२९ मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी एकटा उभा नाही. फार प्राचीन काळी एका प्रचंड ज्वालामुखीचा माथा खचला आणि सुमारे १० किलोमीटर रुंदीची कढई तयार झाली. तिच्या तळाशी आता काळसर राखेचे सपाट मैदान आहे आणि त्यातूनच ब्रोमो, बातोक असे नवे शंकू वर आले आहेत. हे सारे एका नजरेत मावते ते कढईच्या काठावरील पेनंजाकान या सुमारे २,७७० मीटर उंचीच्या जागेवरून. आपला मुक्काम चेमोरो लावांग गावात असतो. तेथून जीपने राखेच्या मैदानात उतरून पलीकडचा घाट चढावा लागतो, आणि सूर्योदय वर्षभर साधारण ५ ते साडेपाचच्या दरम्यान होतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे तिकडचे ३ म्हणजे आपल्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचा दीड. म्हणून आदल्या रात्री लवकर जेवून झोपावे.

छायाचित्रे काढणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेनंजाकानवरून ब्रोमो दक्षिणेला दिसतो, त्यामुळे सूर्य त्याच्या मागून न उगवता आपल्या डाव्या हाताला उगवतो. बहुतेक लोक तिकडेच पाहत राहतात. खरे पाहण्यासारखे मात्र समोर घडत असते. आधी कढईत साचलेले धुके निळसर दिसू लागते, मग बातोकच्या उभ्या घळी एकेक करून उजळतात, ब्रोमोच्या तोंडातून निघणारा पांढरा धूर गुलाबी होतो, आणि या सर्वांच्या मागे जावातील सर्वांत उंच पर्वत, ३,६७६ मीटरचा सेमेरू, दिसू लागतो. धुके दाट असेल तर यातले काहीच दिसणार नाही, आणि ही शक्यता आम्ही कोणापासून लपवत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पहाटेचे तापमान शून्याच्या आसपास उतरू शकते. स्वेटरवर वारा अडवणारे जाकीट, कानटोपी, हातमोजे आणि पायमोजे आपल्यासोबत असलेच पाहिजेत.

सूर्योदयानंतर जीप पुन्हा मैदानात येते. तेथून ब्रोमोच्या विवराच्या (तोंडाच्या) काठावर नेणाऱ्या सुमारे २५० पायऱ्यांच्या जिन्यापर्यंत राखेतून पायी किंवा स्थानिकांच्या घोड्यावर जाता येते. पाऊल टाकले की बारीक राख उडते, म्हणून नाकातोंडावर मास्क असावा. वर पोहोचता पोहोचता काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा उग्र वास येतो. काठ अरुंद असून कठडा सगळीकडे नाही; लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नये.

या काठावर गणपतीची मूर्ती आहे. या डोंगराळ भागातील तेंगर लोक हिंदू आहेत, ब्रोमो हे नाव ब्रह्मदेवावरून आले असे मानले जाते, आणि यद्न्य कसद या सणाला येथील लोक भाजीपाला, धान्य, कोंबड्या विवरात अर्पण करतात. आपणही अवश्य नमस्कार करावा, मात्र नारळ, फुले किंवा पिशव्या आत टाकू नयेत.

विवरापर्यंत जायचे की नाही, हा निर्णय आमच्या हाती नसतो. इंडोनेशियाचे ज्वालामुखी निरीक्षण केंद्र धोक्याचे चार स्तर ठरवते आणि दुसऱ्या स्तरावर ब्रोमोच्या विवरापासून १ किलोमीटरच्या आत न जाण्याची सूचना असते. अशा दिवशी इतर लोक वर चढताना दिसले तरी आम्ही आपल्याला नेणार नाही. जून २००४ मध्ये येथे अचानक झालेल्या स्फोटात दोघांचा मृत्यू झाला होता, हे आम्ही विसरू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विवाहपूर्व छायाचित्रणासाठी पेटवलेल्या फ्लेअरमुळे (धूर व ज्वाला सोडणाऱ्या नळकांडीमुळे) येथील गवताळ पठार जळाले. म्हणून आगीशी संबंधित कोणतीही वस्तू सोबत आणू नये.

दमा, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असल्यास नोंदणी करतानाच सांगावे. अशा प्रवाशांनी पेनंजाकानचा सूर्योदय पाहून, इतर प्रवासी विवरावरून परतेपर्यंत मैदानात जीपजवळ थांबावे. आमचा एक सहकारी त्यांच्यासोबत राहील.